आमची वाटचाल : चिठ्ठीवरच्या नावाची जबाबदारी

आमच्या कार्यशाळेचे काम सुरू झाले ते ढिल्या झालेल्या खुर्च्यांच्या दुरुस्तीने. जुना सरस खरवडून काढायचा, कूस, म्हणजे सांध्यातली पुढे काढलेली जीभ, पुन्हा खाचेत घट्ट बसवायची, सांधा आवळून रात्रभर ठेवायचा आणि वर चपड्याच्या, म्हणजे शुद्ध लाखेच्या, पॉलिशचे हात द्यायचे, एवढेच आम्हां तिघांना येत होते, आणि ते चांगले येत होते. वस्तू कोणत्या शैलीची आणि कोणत्या काळातली, हा प्रश्न आमचा नव्हता. ग्राहक इंग्रजी-फ्रेंच फर्निचरच्या शैलीचे जे नाव सांगे तेच आम्ही पावतीवर उतरवत असू. वाकदार पाय असला की ‘क्वीन ॲन’, पाठीला ढालीचा आकार असला की ‘हेपलव्हाइट’, सोनेरी नक्षी असली की ‘लुई’. कितवा लुई, हे विचारण्याची आमच्याकडे पद्धतच नव्हती.

पुढे आम्ही जुन्या वस्तू विकत घेऊन, नीट करून विकू लागलो आणि वस्तूला लावलेल्या चिठ्ठीवरच्या नावाची जबाबदारी आमच्यावर आली. दुसऱ्याच वर्षी ढालीच्या पाठीच्या सहा खुर्च्यांचा संच आम्ही ‘हेपलव्हाइट, अठरावे शतक’ असे लिहून विकला. घेणाऱ्या बाई जाणकार होत्या. आठवडाभरात त्या खुर्च्या घेऊन परत आल्या, त्यांतली एक उलटी केली आणि बैठकीच्या चौकटीच्या आतल्या बाजूवर करवतीच्या खुणा दाखवल्या. त्या सरळ नव्हत्या, कमानीसारख्या वळलेल्या होत्या. म्हणजे लाकूड चक्राकार करवतीवर कापलेले होते, आणि तिचा सर्रास वापर एकोणिसाव्या शतकातला. त्यांचा दुसरा मुद्दा अधिक बोचरा होता. इंग्लिश फर्निचर कारागीर जॉर्ज हेपलव्हाइट १७८६ मध्ये वारला, त्याच्या आराखड्यांचे पुस्तक १७८८ मध्ये त्याच्या पत्नीने, ॲलिसने, प्रसिद्ध केले, आणि त्याने स्वतः घडवली असे खात्रीने म्हणता येईल अशी एकही वस्तू आज दाखवता येत नाही. मग चिठ्ठीवरच्या नावाने आम्ही नेमके काय विकले होते? उत्तर नव्हते, म्हणून पैसे परत केले.

त्या खुर्च्या पुढे वर्षभर कार्यशाळेतच राहिल्या आणि आमचे शिक्षण त्यांच्यावरच झाले. लंडनचा फर्निचर कारागीर थॉमस चिपेंडेल याने १७५४ मध्ये आपले आराखडे छापले, तेव्हा ते पुस्तक मिळवणाऱ्या कोणत्याही कुशल सुताराला तसे काम करता येऊ लागले, हे कळल्यावर अशी नावे बहुतेक वेळा नमुन्याची असतात, घडवणाऱ्या हाताची नसतात, हे आमच्या ध्यानात आले. तेव्हापासून आमच्या प्रत्येक चिठ्ठीवर दोन ओळी असतात: एक शैलीची, दुसरी घडणीच्या काळाची. पहिली ओळ वस्तूसमोर उभे राहून लिहिता येते. दुसरीसाठी वस्तू उलटी करावी लागते.

या दुसऱ्या ओळीवर आमचा बराच वेळ जातो, आणि खरे सांगायचे तर धंद्यातला सगळा आनंदही तिथेच आहे. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसते, उभ्या दिशेने जवळजवळ नाही. त्यामुळे दोन शतके जुन्या गोल मेजाची फळी दोन्ही दिशांनी मोजली तर ती किंचित लंबगोल भरते. तंतोतंत गोल भरली तर आम्ही सावध होतो. हाताने कापलेले व्हिनिअर, म्हणजे वरून चिकटवायचा चांगल्या लाकडाचा पापुद्रा, जाड आणि कमीजास्त असते, यंत्रावरचे कागदासारखे एकसारखे. टोकदार स्क्रू यंत्रावर मोठ्या प्रमाणात निघू लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास. त्याआधीच्या स्क्रूचे टोक बोथट आणि माथ्यावरची चीर बरेचदा मध्यापासून सरकलेली असते. अर्थात स्क्रू बदललेला असू शकतो, ड्रॉवर दुसऱ्या कपाटातले असू शकते. म्हणून एकाच पुराव्यावर आम्ही काळ लिहीत नाही.

शैलीची ओळही वाटली तितकी सोपी निघाली नाही. राजांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शैली राजांच्या कारकिर्दीत मावत नाहीत. फ्रान्सचा सोळावा लुई गादीवर आला १७७४ मध्ये, पण त्याचे नाव मिळालेले सरळ, खोबणीदार पाय पंधराव्या लुईच्या हयातीतच दिसू लागले होते. आणि इंग्लंडची राणी ॲन १७१४ मध्ये वारल्यानंतरही अमेरिकेतील वसाहतींत तिच्या नावाचे वाकदार पाय कित्येक दशके घडत राहिले. फ्रेंच ‘रेजाँस’ आणि इंग्रजी ‘रीजन्सी’ या शैलींची गल्लत तर आमच्याच नोंदवहीत दोनदा झालेली आहे. पहिली पंधराव्या लुईच्या लहानपणी, १७१५ ते १७२३ या काळातील राजप्रतिनिधीच्या कारभारावरून ओळखली जाते, तर दुसरीचे नाव १८११ ते १८२० या काळातील इंग्लंडच्या राजप्रतिनिधीवरून आले. दोहोंत शतकाचे अंतर आहे. ‘आर्ट डेको’ हे शैलीचे नाव तर १९२५ च्या पॅरिसमधील प्रदर्शनाच्या नावावरून पडले असले, तरी रूढ झाले १९६० च्या दशकात. ते काम करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते कधी ऐकलेही नसेल.

मराठीत चिठ्ठ्या लिहू लागल्यावर एक वेगळीच अडचण आली. फ्रेंचमध्ये ‘कमोड’ म्हणजे सोयीचे, आणि सुमारे १७०० पासून ते ड्रॉवर असलेल्या बुटक्या, शोभिवंत कपाटाचे नाव झाले. आम्ही निष्पापपणे ‘पंधराव्या लुईच्या शैलीतील कमोड’ असे लिहिले आणि जो तो हसत आत येऊ लागला. आता आम्ही ‘ड्रॉवरांचे बुटके कपाट’ असे लिहितो आणि मूळ शब्द तोंडी समजावतो. ‘ब्यूरो’ची कथा याहून लोभस आहे: आधी मेजावर अंथरायचे जाडेभरडे कापड, मग ते मेज, आणि शेवटी ते मेज जिथे असते ते कार्यालय, असा तो शब्द चढत गेला.

सहाव्या वर्षी एका ग्राहकाने खोलीच्या भिंतींना लाकडी पॅनेल बसवण्याचे काम दिले आणि आम्ही अंतर्गत सजावटीत शिरलो. इथेही शब्दाने आम्हांला धडा दिला. ‘चौकट आणि फळी’ या जुन्या रचनेत फळी चौकटीच्या खोबणीत सैल ठेवलेली असते, जेणेकरून हवेतल्या ओलाव्याप्रमाणे तिला फुगता-आकसता यावे. आम्ही रचनेचा केवळ देखावा घेतला, फळ्या सरसाने पक्क्या चिकटवल्या, आणि पहिल्याच कोरड्या हंगामात अकरांपैकी चार फळ्या मधोमध तडकल्या. त्या आम्ही आमच्या खर्चाने बदलल्या. ‘डॅडो’च्या, म्हणजे भिंतीच्या वेगळ्या सजवलेल्या खालच्या भागाच्या, वरची आडवी पट्टीही आम्हांला निव्वळ शोभेची वाटत होती, भिंतीला टेकून ठेवलेल्या खुर्च्यांच्या पाठींमुळे गिलावा खराब होऊ नये, हा तिचा उपयोग कळल्यापासून आम्ही तिची उंची खोलीतल्या खुर्च्या मोजूनच ठरवतो.

वाफेने वाकवलेल्या लाकडाचे काम आम्ही अलीकडेच घेऊ लागलो आहोत, आणि तेही व्हिएन्नातील फर्निचर कारखानदार थोनेट यांच्या १८५९ च्या चौदा क्रमांकाच्या खुर्चीमुळे. बीच लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढ्यात ती उभी राहते, आणि सुटे भाग करून एक घनमीटरच्या पेटीत छत्तीस खुर्च्या मावत. अशा खुर्चीच्या चिठ्ठीवर शैलीच्या ओळीत काय लिहावे, यावर आमच्यात अजून एकमत झालेले नाही.

ढालीच्या पाठीच्या त्या सहा खुर्च्यांपैकी पाच पुढे विकल्या गेल्या, ‘हेपलव्हाइटच्या आराखड्यांच्या शैलीत, घडण एकोणिसावे शतक’ या चिठ्ठीसह, आणि त्यांतल्या दोन त्याच बाईंनी घेतल्या. सहावी आम्ही ठेवली आहे. नवा उमेदवार कामाला आला की पहिल्या दिवशी त्याला ती उलटी करायला सांगतो.