पास्टरांच्या निवडणुकीचा मी खजिनदार

मी पेशाने हिशेबनीस, जन्माने हिंदू आणि राजकारणाच्या बाबतीत काठावर बसून बघणारा. टेक्सासमधल्या एका कट्टर कॉन्झर्व्हेटिव्ह बॅप्टिस्ट (एक प्रॉटेस्टंट पंथ) पास्टरांच्या, अमेरिकन काँग्रेसच्या म्हणजे तिथल्या संसदेच्या निवडणुकीत मी खजिनदार होतो, हे आमच्या मंडळातल्या कित्येकांना अजूनही खरं वाटत नाही.

कारण जुनं आहे. फेब्रुवारी २०२१च्या त्या थंडीच्या लाटेत आमच्या घरात वीज नव्हती, नळ गोठले होते. या गृहस्थांनी चर्चचा हॉल सगळ्या वस्तीसाठी उघडला. आम्ही चौघं दोन रात्री तिथे झोपलो. कोण, कुठले, कुठल्या देवाचे, कुणी विचारलं नाही. त्यामुळे २०२३च्या उन्हाळ्यात ते घरी येऊन म्हणाले, "मला मत देऊ नका हवं तर, पण हिशेब तेवढा बघा," तेव्हा माझ्याच्याने नाही म्हणवेना. गर्भपातापासून शाळेतल्या पुस्तकांपर्यंत आमचं फारसं कशावर जमत नाही, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

कागदपत्रांचा भाग सोपा निघाला. जमा किंवा खर्च ५,००० डॉलरच्या वर गेला की तुम्ही कायद्याने उमेदवार. मग १५ दिवसांत उमेदवारीचा फॉर्म आणि त्यानंतर १० दिवसांत प्रचाराचा पैसा सांभाळणाऱ्या समितीची नोंदणी. खजिनदाराची जागा रिकामी असेल तर समितीला एक डॉलरही घेता येत नाही, खर्चताही येत नाही. हे वाचल्यावर बायको म्हणाली, "म्हणजे अडकलास." अडकलोच होतो.

मतपत्रिकेसाठीचा अर्ज पक्षाकडे द्यायचा, सोबत ३,१२५ डॉलर फी. मुदत ११ डिसेंबर, संध्याकाळी सहापर्यंत. तिथे एक गंमत झाली. टेक्सासच्या मतपत्रिकेवर नावाआधी पदवी लावता येत नाही. ज्यांना अख्खं गाव वीस वर्षं 'पास्टर' म्हणून हाक मारतं, त्यांचं तिथे नुसतं नाव-आडनाव. त्यांना ते लागलं. मग गाडीत त्यांनी टेनेसी राज्याची गोष्ट सांगितली: तिथे धर्मोपदेशकांना विधिमंडळात जायलाच बंदी होती आणि ती सुप्रीम कोर्टाने १९७८ साली उठवली. खटला लढणारेही बॅप्टिस्टच. "तेव्हा नावापुढची पदवी गेली, त्याचं काय एवढं!" असं स्वतःलाच म्हणाले.

खरी डोकेदुखी वेगळीच होती. या माणसाच्या आयुष्यात चर्च आणि बाकीचं जग यांच्यामध्ये भिंतच नाही. अन्नवाटप, दवाखान्यातल्या भेटी, कुणाच्या मुलाला जामीन राहणं, सगळं एकाच डायरीत. आणि मला तर दोन वह्या ठेवायच्या होत्या, एकीचा पैसा दुसरीत न जाता. चर्च ही नोंदणीकृत संस्था, त्यामुळे तिची देणगी प्रचाराला चालत नाही. वस्तूच्या रूपानेही नाही. शिवाय करमाफी घेणाऱ्या चर्चला कुणा उमेदवाराच्या बाजूने उतरता येत नाही. १९५४ची ही तरतूद आणली ती टेक्सासच्याच, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या लिंडन जॉन्सन यांनी. पास्टरांना ती मुळीच मान्य नाही, तासभर बोलतील त्यावर. पण पाळली. रविवारच्या प्रवचनात निवडणुकीचा 'न'सुद्धा काढला नाही.

अडचण त्यांच्या चाहत्यांची. एका उत्साही काकांनी चर्चच्या झेरॉक्सवर चारशे पत्रकं काढली. मी जवळच्या दुकानातला दर विचारून त्या हिशेबाने समितीचा चेक चर्चला दिला, तर काका आठवडाभर बोलेनात. चर्चची व्हॅन मागितली, मी नाही म्हटलं. दानाच्या थाळीत एक पाकीट आलं, त्यावर 'पास्टरच्या इलेक्शनला', आत ३०० डॉलर रोख. रोखीत एका माणसाकडून १०० च्या वर घेता येत नाही, म्हणून २०० परत. पास्टरांचा पगार तर फारच नाजूक विषय. प्रचारासाठी जेवढे तास काम बुडेल तेवढा पगार कापला नाही, तर ती चर्चची देणगी ठरू शकते. मी तासांचा तक्ता केला. त्यांनी तो मुकाट्याने दर शुक्रवारी भरला. दवाखान्यातल्या भेटी कुठल्या रकान्यात, यावर मात्र आमचं एकदा चांगलंच वाजलं. शेवटी त्या चर्चच्या कामात धरल्या, कारण बिचारे आजारी लोक दुसऱ्या मतदारसंघातले होते!

आपल्या लोकांनीही हातभार लावला. माझ्या एका मित्राने, निव्वळ माझ्या भिडेखातर, ५० डॉलर पाठवले. तो एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर. ग्रीन कार्ड असतं तर चाललं असतं. नुसत्या व्हिसावर अजिबात नाही. परत पाठवले तर म्हणतो, "टॅक्स घेताना बरा चालतो मी." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटचे वीस दिवस मी नीट झोपलो नाही. प्रायमरीआधीचा, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीआधीचा, अहवाल २२ फेब्रुवारीला, आणि वर १,००० डॉलर किंवा जास्त रकमेची देणगी आली की ४८ तासांत कळवायचं.

५ मार्च २०२४. आम्ही तिसरे. पहिल्याला निम्म्याहून अधिक मतं पडल्याने रनऑफही, म्हणजे पहिल्या दोघांत पुन्हा मतदानही, नाही. पास्टरांनी हॉलमध्ये सगळ्यांना कॉफी दिली आणि साडेनऊला दिवे मालवले.

माझं काम मात्र संपलं नव्हतं. प्रायमरी हरलात की नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीसाठी म्हणून आलेले पैसे ६० दिवसांत परत करायचे, नाहीतर देणाऱ्याच्या लेखी संमतीने दुसरीकडे वळवायचे. बहुतेकांना चेक टपालाने गेले. एक ऐंशीच्या पुढच्या आजी होत्या. त्यांनी चेकवर कोपऱ्यात 'नोव्हेंबरसाठी' असं लिहिलं होतं, १०० डॉलर. त्या म्हणाल्या, परत नको, चर्चला टाक. मी म्हटलं, आजी, मला तसं करता येत नाही, हे तुमच्याच हातात द्यावे लागतात. त्यांनी चेक घेतला, माझंच पेन मागितलं, मागच्या बाजूला सही केली, आणि माझ्यादेखत दानाच्या पेटीत टाकला.