पर्यावरणशास्त्र शिकून नेमकं काय करतात?

लग्नात जेवणाच्या पंगतीत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, आणि हल्ली बारावीच्या निकालानंतर फोनवर, प्रश्न एकच असतो : "पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. म्हणजे नेमकं काय करतात? झाडं लावता का?" एवढ्या वेळा तुम्ही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

झाडं लावत नाही. पहिलं वर्ष बाटल्या धुण्यात गेलं. 300 मिलीच्या, काचेच्या बुचाच्या बीओडी बाटल्या. बीओडी म्हणजे जैविक ऑक्सिजन मागणी. पाण्यात किती ऑक्सिजन विरघळलाय आणि आतले जिवाणू तो किती दिवसांत किती खातात, हे त्यांत मोजायचं. परदेशी पुस्तकांत ही चाचणी 20 अंशाला पाच दिवस असते, आपल्याकडे 27 अंशाला तीन दिवस करतात. त्यामुळे गुरुवारी नमुना आणायचा नाही, हा आमचा अलिखित नियम. तीन दिवस रविवारी भरणार आणि रविवारी लॅबला कुलूप.

ऑक्सिजन मात्र नदीकाठीच बांधून ठेवावा लागतो. बाटली भरली की मँगनीज सल्फेट, मग अल्कली आयोडाइड. ऑक्सिजन असेल तर चहाच्या गाळासारखा तपकिरी साका धरतो. पुणे शहराच्या वर, खडकवासला धरणाशी तसाच धरला. त्याच दिवशी, मे महिन्यात, शहरातल्या संगम पुलाच्या खाली भरलेली बाटली पांढरीच राहिली. पांढरी म्हणजे ऑक्सिजन नाही. पुलावरून एक आजोबा ओरडले, "काय टाकताय पाण्यात, मासे मारायला आलात का?" कुठले मासे, आजोबा.

पहिल्यांदा मी हा प्रयोग केला तेव्हा तिथल्याच पाण्यात बऱ्यापैकी ऑक्सिजन निघाला होता. मी खूश. सरांनी वही पाहिली, मला दुसरी बाटली भरायला लावली आणि म्हणाले, "ही नदी नव्हे, तुझा बुडबुडा आहे." बूच लावताना आत हवा राहिली होती, तीच मी मोजली होती. दोन वर्षांत खूप शिकले, पण पहिलं आठवतं ते हेच.

बाकी अभ्यासक्रम म्हणजे खिचडी. रसायनशास्त्र, परिसंस्था, संख्याशास्त्र, भूशास्त्र, 1974 चा पाण्याचा कायदा, भोपाळच्या वायुगळतीनंतर आलेला 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा. सगळ्यातलं थोडंथोडं येतं, ही तक्रार खरी आहे. रसायनशास्त्रवाले आपल्याला कच्चे समजतात आणि ते फारसं चूक नसतं.

नोकऱ्या? सांडपाणी प्रक्रिया केंद्रं, चाचणी करणाऱ्या लॅब, प्राध्यापकीसाठीच्या नेट-सेट परीक्षा देऊन शिकवणं, आणि सल्लागार कंपन्या. मी त्यातल्याच एकीत दोन वर्षं होते. प्रकल्पाआधी पर्यावरणावर होणाऱ्या परिणामांचा अहवाल करायचा, 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे. त्यासाठी मूळ परिस्थितीची माहिती सहसा एका हंगामाची घेतात, आणि तो हंगाम पावसाळा सोडून. आता कोकणातला कातळसडा, म्हणजे खडकाचं उघडं पठार, डोळ्यांसमोर आणा. एप्रिलमध्ये काळा, तापलेला दगड, वर चार वाळकी पाती. जूनला पाऊस पडला की दीपकाडी उगवते, पुढे पाणथळ जागी 'सीतेची आसवं' या फुलांचा निळा-जांभळा गालिचा. किडे खाणारी वनस्पती आहे ती, वाटत नाही बघून. तर आमच्या अहवालात, एप्रिलमध्ये, त्याच सड्याबद्दल वाक्य होतं : 'विशेष वनस्पती आढळल्या नाहीत.' खोटं नव्हतं. मी स्वतः चौरस आखून मोजलं होतं, आढळल्याच नव्हत्या. पुन्हा पावसात जाऊ या म्हटलं, तर त्याचे पैसे कोण देणार, असं उत्तर मिळालं. काही महिन्यांनी मी ती नोकरी सोडली. रागाने नव्हे, दुसरीकडे पगार बरा होता, हेही सांगून टाकते.

आता, तुमची मुलगी हा विषय घ्यायचं म्हणत असेल तर तिच्याबद्दल. गणित सोडलं तरी बऱ्याच ठिकाणी प्रवेश मिळतो, पण संख्याशास्त्र सुटत नाही. कोर्स कुठलाही घ्या, आधी त्या विभागात एक चक्कर मारा. माहितीपत्रक राहू द्या. तिथल्या मुलांना विचारा, प्रॅक्टिकलचं पाणी कुठून आणता? नळाचं म्हणाली तर दुसरं कॉलेज बघा.