विट्याहून गुहागर: एकाच रस्त्याने समुद्रापर्यंत

विट्यातून जाणारा गुहागर-विजापूर महामार्ग एका बाजूला जतवरून कर्नाटकात उतरतो, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. दुसऱ्या बाजूला तोच रस्ता कराड, पाटण, कोयनानगर, चिपळूण करत थेट समुद्राला टेकतो. तिकडे मात्र कराडच्या पुढे जाणारे थोडेच. सांगली जिल्ह्यातला माणूस समुद्र म्हटलं की गणपतीपुळे नाहीतर गोवा धरतो. आम्ही यंदा शिमग्याच्या तोंडावर याच रस्त्याने गुहागरला गेलो आणि इकडेतिकडे धावाधाव न करता तिथेच मुक्काम टाकला. सोबत बायको, दोन पोरं आणि माळकरी आई. म्हणजे अर्धं घर मासे खाणारं आणि अर्धं कांद्यालाही नको म्हणणारं.

अंतर दोनशे किलोमीटरच्या आत आहे, पण वेळेचा हिशेब अंतरावरून करू नका. पाटणपर्यंत गाडी पळते, हेळवाकच्या पुढे कुंभार्ली घाट लागला की वेग आपोआप उतरतो. जड वाहनं भरपूर आणि वळणं आंधळी. पहाटे पाचला निघालात तर नाश्ता कोयनानगरला आणि दुपारचं जेवण गुहागरात होतं. एसटीने जाणाऱ्यांनी कराडला आणि चिपळूणला गाडी बदलायची. चिपळूणहून गुहागरला दिवसभर एसटी असतात. जोराच्या पावसात हा घाट टाळाच. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं, त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला दरडी कोसळल्या आणि इकडे सांगलीत कृष्णेचा पूर आला. सह्याद्रीचा हा पट्टा एकदा बिनसला की दोन्ही बाजूंना बिनसतो.

घाट उतरताना पोफळी लागतं. १०५ टीएमसीच्या कोयना धरणाचं काही पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने इकडे येतं, वीज करतं आणि वाशिष्ठीतून समुद्राला जातं. कृष्णा लवादाने त्यासाठी वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची मर्यादा घातली आहे. टेंभू उपसा योजनेच्या पाण्याचं आवर्तन कधी सुटतं म्हणून डोळे लावून बसणाऱ्या आम्हा खानापूर तालुक्याच्या माणसांना तिथे गाडीतच वाद घालायला एक विषय मिळाला. आई म्हणाली, "वीज बी तर आपल्यालाच येती की." वाद तिथे मिटला असं नाही, पण पोरं झोपली.

गुहागर गाव समजून घेतल्याशिवाय तिथे राहायची मजा नाही. गाव लांबट आहे, समुद्राला समांतर एकाच रस्त्यावर वसलेलं. वरचा पाट, खालचा पाट असे त्याचे भाग. रस्त्याला लागून घर, घरामागे नारळ-सुपारीची लांब चिंचोळी वाडी, वाडीच्या शेवटी सुरूची झाडं आणि त्यापलीकडे पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. म्हणजे समुद्र प्रत्येकाच्या परसदारी, पण रस्त्यावरून दिसत नाही. लांबून आलेले लोक व्याडेश्वराच्या मंदिरापाशी थांबून "बीच कुठंय?" विचारतात ते यामुळेच. आणखी एक गंमत म्हणजे समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही वाडीतल्या विहिरीचं पाणी गोड. आमच्याकडे हजार फूट बोअर मारून धूळ निघते, हे सांगितल्यावर यजमान काकांनी आईसमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि नुसतेच हसले.

राहण्यासाठी समुद्राकडे तोंड केलेलं हॉटेल शोधण्यापेक्षा असं वाडीतलं घर बघा. खोल्या साध्या असतात, मोरी बाहेर असू शकते, डास असतात. पण दारात बसलं की गाव कळतं. या घरांत मुंबईला गेलेल्या मुलांच्या खोल्या वर्षभर बंद असतात आणि शिमग्याला, गणपतीला उघडतात. त्यामुळे या दोन सणांत आधी फोन केल्याशिवाय जाऊ नका. घरची माणसं आली की पाहुण्याला जागा कुठून देणार? आम्हाला एक खोली मिळाली तीही होळीच्या आदल्या दिवशी रिकामी करायची या बोलीवर.

जेवणाचं आधी सांगावं लागतं. सकाळी नाश्त्यालाच दुपारची पानं किती ते सांगायचं, ऐनवेळी गेलात तर फार तर चहा मिळेल. शाकाहारी माणसाची इथे आबाळ होत नाही. आईला कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, ओल्या काजूची उसळ आणि उकडीचे मोदक मिळाले. कांदा-लसूण नको असं सांगितल्यावर कुणाच्या कपाळावर आठी पडली नाही. तिखटाची सवय असलेल्यांनी मात्र घरून चटणी न्यावी. इथे रश्श्यालाही नारळाची गोडी असते आणि आमच्या धाकट्याने दुसऱ्याच दिवशी "खर्डा नाही का?" असं विचारून आमची लाज काढली.

मासे खाणाऱ्यांनी गुहागरला लागून असलेल्या असगोलीला सकाळी जावं. खारव्यांचं गाव आहे. मासळी किलोवर नाही, वाट्यावर विकतात. "दादा, वाटा घ्या, सुटं नाय मिळत," असं मला स्पष्ट सांगण्यात आलं. भाव पाडायची आपली बाजारातली पद्धत इथे फार चालत नाही. त्यापेक्षा दोन वाटे एकत्र मागा. बांगडा, मांदेली हे रोजचे मासे घ्या, सुरमई-पापलेट सांगलीतही बर्फातली मिळते. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, तेव्हा ताज्याच्या आशेने जाऊ नका. मोठा लिलाव बघायचाच असेल तर धोपावेहून फेरीबोटीने गाडीसकट दाभोळला उतरा आणि पुढे हर्णैला संध्याकाळी पोचा. आवाज, वास आणि चिखल या तिन्हींची तयारी ठेवा.

आता मुद्द्याचं. किनाऱ्यावरचा सगळा दिनक्रम घड्याळावर नाही, भरती-ओहोटीवर चालतो, आणि ती काढायचा सोपा हिशेब काकांनी शिकवला: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहाला, पुनवेला सव्वाअकराच्या सुमारास. तीच वेळ दिवसा आणि तीच रात्री. मधे सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं, पण खिशात दिनदर्शिका असली की काम भागतं. याचा उपयोग असा की पुनवेच्या किंवा अमावास्येच्या आसपास गेलात तर संध्याकाळी ओहोटी असते, पुळण रुंद उघडी पडते आणि पोरांना खेळायला मैदान मिळतं. अष्टमीच्या आसपास ऐन सूर्यास्ताला पाणी वरपर्यंत चढलेलं. पुनवेची भरती उधाणाची, अष्टमीची भांगाची, म्हणजे कमी जोराची.

हेदवीची बामणघळ याच हिशेबाने बघावी. खडकातली ती अरुंद घळ आहे. भरतीची लाट आत घुसते आणि पाणी वर उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती कपार दिसेल आणि एवढ्या लांब कशाला आलो असं वाटेल. आम्ही त्रयोदशीला दहाच्या आधी पोचलो आणि भिजून परतलो. खडक शेवाळी असतात, चपला घट्ट हव्यात आणि कडेला उभं राहून फोटो काढायचा मोह आवरायलाच हवा. हेदवीतच दशभुजा गणपतीचं मंदिर आहे. वाटेत वेळणेश्वर लागतं, तिथला किनारा छोटा आणि सावलीचा. टाकी गुहागरातच भरून घ्या आणि रोख पैसे जवळ ठेवा, पुढे रेंज जाते-येते. हेदवीच्या पुढे तवसाळहूनही फेरीबोट आहे, शास्त्रीच्या मुखावर पलीकडे जयगड. तिकडून गणपतीपुळे आणि पुढे रत्नागिरीच्या वाटेवर कोतवडे, म्हणजे सांगलीच्या पटवर्धनांचं मूळ गाव. वेळ असेल तर परतीचा रस्ता तसा आखता येतो, मग आंबा घाटाने वर यायचं.

अंजनवेलचा गोपाळगड आम्ही घाईत पाहिला. वाटेतला एन्रॉनचा तो गाजलेला वीजप्रकल्प लांबूनच दिसतो.

कासवांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण पोरं त्यासाठीच आली होती. गुहागरच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले माद्या थंडीत रात्री येऊन अंडी घालतात. वनखात्याची माणसं ती कुंपणात सुरक्षित पुरतात आणि साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. फेब्रुवारी अखेर ते एप्रिल हा बरा काळ. पिल्लं सकाळी लवकर किंवा संध्याकाळी सोडतात, पण आज निघतील का, हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. आम्हाला पहिल्या सकाळी काहीच दिसलं नाही, नंतर एका संध्याकाळी पाचपन्नास पिल्लं पाण्याकडे सरकताना दिसली. फ्लॅश नको, हात लावायचा नाही, दोरीच्या आत जायचं नाही.

पाण्याबद्दल: आपण विहिरीत पोहायला शिकलेली माणसं, समुद्रात ते शिक्षण पुरत नाही. ओहोटीचं पाणी पाय ओढतं. गाववाले जिथे उतरू नका म्हणतात तिथे उतरू नका आणि पावसाळ्यात घोट्याच्या वर अजिबात नाही. गाडी पुळणीवर घालू नका. चाकं रुतली आणि भरती चढायला लागली की जेसीबी येईपर्यंत फक्त बघत राहावं लागतं. ऊन आपल्या उन्हापेक्षा सौम्य वाटतं, पण दमटपणामुळे अंगातलं पाणी भराभर जातं. सुती कपडे, टोपी आणि दुपारी एक ते चार सरळ झोप. तसंही त्या वेळेला दुकानं बंदच असतात.

परत येताना आमसुलं, कुळथाचं पीठ आणि आंबापोळी घ्या. हापूस मार्चमध्ये नुकता सुरू झालेला असतो, भाव ऐकून हात मागे येतो. घाट अंधार पडायच्या आत चढून या. सुकी मासळी घेणार असाल तर पिशवीवर पिशवी घालून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि डबा टपावर बांधा. गाडीत ठेवलात, आणि त्यात कुणी माळकरी असेल, तर चिपळूणपासून विट्यापर्यंत काचा उघड्या ठेवून बोलणी खात या.