जास्वंद, साबुदाणा आणि दोन मिलिमीटरची माशी

आमच्या पार्ल्याच्या गॅलरीतल्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला. कोवळ्या शेंड्यांवर पांढरा कापूस, खाली चिकट पानं, फांदीवर मुंग्यांची रांग. निंबोळी तेल मारलं, साबणाचं पाणी मारलं. पण अंगावर मेणाचा थर असलेल्या किड्याला अंघोळ घातल्यासारखंच झालं.

जुना टूथब्रश घेऊन खरवडायला बसले, तर काही ढेकूण वेगळे दिसले. तपकिरी, फुगीर, हात लावला तर कडक. एकाला टाचणीने पाडल्यासारखं गोल भोक. आतून कुणीतरी बाहेर पडून गेलं होतं! मी ब्रश ठेवला.

ही करामत गांधीलमाशीच्या जातीतल्या चिमुकल्या माशीची. ती ढेकणाच्या अंगात अंडं घालते, अळी आतून त्याला खाते, आणि उरतं ते हे रिकामं कवच. आपल्याला ती चावत नाही, दिसतही नाही.

साबुदाणा ज्या कंदापासून बनतो, तो कसावाही अशाच एका माशीने सावरलाय. त्याचा पिठ्या ढेकूण मूळ दक्षिण अमेरिकेतला. 1970च्या दशकात तो आफ्रिकेत शिरला आणि लोकांच्या रोजच्या अन्नावरच घाला आला. (या ढेकणात नर नसतातच, एकटी मादी गावभर पसरते.) त्याची वैरीण, अनागायरस लोपेझी, 1981मध्ये पॅराग्वेत सापडली, आणि तिला नायजेरियात नेऊन सोडलं. त्या मोहिमेचे प्रमुख हान्स हेरेन यांना 1995चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे हा ढेकूण 2020मध्ये केरळात दिसला, मग तमिळनाडूत. आपला बहुतेक साबुदाणा तिथल्याच सेलमकडचा, म्हणजे थेट आपल्या खिचडीवर संकट. बंगळुरूच्या कीटक संशोधन संस्थेने आफ्रिकेतल्या बेनिनहून तीच माशी आणली, वाढवली आणि 2022मध्ये शेतात सोडली.

सासूबाईंना हे सगळं सांगितलं. त्या एकादशीचा साबुदाणा धूत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे उपासाच्या पदार्थामागे एवढी हत्या?" आणि पाणी निथळायला लागल्या.

आता तेल-साबण बंद. कडक झालेले ढेकूण झाडावरच ठेवते. मुंग्या मात्र या माशीला जवळ फिरकू देत नाहीत, चिकट रसासाठी ढेकणांची राखण करतात. म्हणून कुंडी विटेवर, वीट पाण्याच्या ताटलीत. डासांच्या भीतीने ते पाणी रोज बदलते.