दुसरीच्या ओठांवर आपला आवाज

कृष्णवर्णीय अमेरिकी दिग्दर्शिका ज्युली डॅश यांचा ‘इल्यूजन्स’ (१९८२) हा ३४ मिनिटांचा कृष्णधवल लघुपट १९४२ मधील हॉलीवूडमध्ये, एका काल्पनिक स्टुडिओत घडतो. त्यातील ध्वनिमुद्रणाचा प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एका संगीतपटात गोऱ्या नायिकेच्या ओठांच्या हालचाली आणि गाणे यांचा मेळ बिघडला आहे. तो सावरण्यासाठी एस्टर जीटर या कृष्णवर्णीय गायिकेला बोलावले जाते. समोरच्या पडद्यावर नायिका ओठ हलवते, आणि माइकपुढे उभी असलेली एस्टर त्या ओठांवर आपला आवाज नेमका बसवते. प्रेक्षकाला तो आवाज ऐकू येईल, पण एस्टर कधीच दिसणार नाही. पार्श्वगायन आपल्याला सवयीचे आहे, आपल्याकडे गायिकांची नावे घरोघरी पोहोचली. म्हणूनच या प्रसंगातील अन्याय मराठी प्रेक्षकाला अधिक टोचेल, असे मला वाटते.

हे सारे पाहणारी मिन्यॉन दुप्री ही स्टुडिओतील अधिकारी स्वतःही कृष्णवर्णीय आहे; मात्र सगळे तिला गोरी समजतात आणि ती तो समज खोडून काढत नाही. एस्टर तिला पाहताक्षणी ओळखते, पण त्याचा गवगवा करत नाही. या दोघींच्या संभाषणात डॅश यांनी जो विश्वास दाखवला आहे, तो मोठमोठ्या चित्रपटांतही मला क्वचितच आढळला. आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी: पडद्यावर एस्टर गाते तेव्हा आपण ऐकतो तो आवाज तिची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीचा नसून विख्यात जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड यांचा आहे.

डॅश ज्या पिढीतल्या, ती लॉस एंजेलिसमधील कॅलिफोर्निया विद्यापीठात घडली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेथे कृष्णवर्णीय व इतर अल्पसंख्य विद्यार्थ्यांना चित्रपटाच्या शिक्षणाची दारे उघडली आणि चार्ल्स बर्नेट, हाइले गेरिमा, अलिले शॅरन लार्किन यांच्यासारखे दिग्दर्शक पुढे आले. पुढे या मंडळींना ‘एल. ए. रिबेलियन’ (लॉस एंजेलिसचे बंड) हे नाव पडले. पैसा तुटपुंजा होता. पण कथा कोणाची आणि ती कशी सांगायची, हे ठरवणारा निर्माता डोक्यावर नव्हता, आणि माझ्या मते या लघुपटांचे खरे बळ तेथेच आहे.

बर्नेट यांचा ‘व्हेन इट रेन्स’ (१९९५) तर अवघ्या १३ मिनिटांचा आहे. नववर्षाच्या पहिल्याच दिवशी लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातील एका बाईवर घरभाडे थकल्यामुळे बेघर होण्याची वेळ येते आणि एक शेजारी तिच्यासाठी पैसे जमवायला दारोदार फिरतो. कोणी देतो, कोणी टाळतो, आणि अखेर घरमालकाशी तडजोड होते ती जॅझच्या एका जुन्या तबकडीवर. एवढ्याशा अवधीत बर्नेट यांनी अख्खी वस्ती तिच्या स्वभावासकट उभी केली आहे. कृष्णवर्णीयांचे चित्रपट पाहायला कोठून सुरुवात करावी असे कोणी विचारले, तर मी आधी हाच सुचवतो.