चारचौघांत विणताना

प्रवासात किंवा एखाद्या रांगेत कोणी पिशवीतून सुया आणि लोकर बाहेर काढली की आजूबाजूची मंडळी आधी हातांकडे बघतात, मग चेहऱ्याकडे, मग पुन्हा हातांकडे. आणि मग प्रश्न येतो, "काय विणताय?" तो हमखास सत्तावीस आणि अठ्ठाविसाच्या मधेच येतो. मान वर न करता नुसते ओठ हलवत बसलेलं माणूस शिष्ट वाटतं, पण ते बिचारं टाके मोजत असतं. आकडा हुकला तर ओळीच्या सुरुवातीपासून मोजायला लागणार, म्हणून उत्तर यायला दहा-बारा सेकंद जातात. तेवढ्यात विचारणारा खट्टू होऊन खिडकीबाहेर बघायला लागलेला असतो.

यात दोष लोकांच्या कुतूहलाचा नाही, बाहेर नेलेल्या कामाचा आहे. चारचौघांत न्यायचं विणकाम निवडताना नमुना किती सुंदर आहे याआधी त्याला किती प्रश्न झेपतील हे बघावं. सगळ्या ओळी सुलट, म्हणजे गार्टर, हे सर्वांत सहनशील काम. त्यात मोजायलाच काही नसतं. दोन सुलट-दोन उलट हेही चालतं, कारण पुढचा टाका कोणता हे खालचा टाकाच सांगतो: समोर इंग्रजी व्ही दिसला तर सुलट, आडवी गाठ दिसली तर उलट. बोलता बोलता चुकलंच तर दोन ओळींत डोळ्यांना खुपतं आणि लगेच सुधारता येतं. जाळीचं काम मात्र घरी राहू द्यावं. जाळीत प्रत्येक भोकासाठी सुईवर लोकरीचा एक वेढा जास्त घ्यायचा आणि त्याची भरपाई म्हणून जवळच कुठेतरी दोन टाके एकत्र विणायचे. गप्पांच्या नादात एक वेढा राहिला की ओळीत एक टाका कमी, आणि तो कमी असल्याचा शोध चार ओळी वर गेल्यावर लागतो. न्यायचीच असेल, तर नमुन्याची एक आवृत्ती पूर्ण झाली की सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा बारीक सुती दोरा ओवून ठेवावा, मार्कर (खूण म्हणून सुईवर अडकवलेल्या कड्या) सोडून. मग कितीही उसवलं तरी दोऱ्याशी येऊन थांबतं.

क्रोशेवाल्यांचं, म्हणजे एकाच आकडीच्या सुईने विणणाऱ्यांचं, याबाबतीत बरं असतं. साखळी असो, मुका खांब (आखूड टाका) असो की खांब (उंच टाका), साध्या क्रोशात सुईवर एका वेळी एकच फास जिवंत राहतो. उतरायची वेळ आली की तो फास थोडा मोठा ओढायचा, त्यात सेफ्टी पिन अडकवायची आणि उठायचं. दोन सुयांवर विणणाऱ्याकडे दोनशे-दोनशे टाके उघडे असतात, म्हणून थांबा जवळ आला तरी तो "एवढी ओळ होऊ द्या" म्हणत बसतो. लोकांना हा हट्ट वाटतो, पण त्याला कारण आहे. ओळीच्या मध्येच सोडलेलं काम नंतर हातात घेताना सुयांची अदलाबदल होते. मग अर्धीच ओळ उलट्या दिशेने परत विणली जाते, एका बाजूला दोन ओळी जास्त होतात आणि मधोमध छोटं भोक पडतं. तशीच वेळ आली तर एक खूण लक्षात ठेवावी: गुंड्याकडे जाणारी लोकर ज्या सुईवरच्या टाक्यातून निघते, ती सुई उजव्या हातात. डावऱ्या माणसाने आरशातल्यासारखं विणायची सवय ठेवली असेल तर हे उलट.

काही लोक विचारत काहीच नाहीत, नुसते टक लावून बघतात. यांचा परिणाम थेट विणीवर होतो. कोणी बघतंय म्हटलं की बोटं आवळतात आणि टाके घट्ट पडतात. समजा घरी 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके बसतात आणि छाती 100 सेंटिमीटर हवी म्हणून 220 टाके घातले. बाहेर हात आवळून त्याच 10 सेंटिमीटरमध्ये 24 बसायला लागले, तर घेर 92 सेंटिमीटरच्याही किंचित खाली येतो. स्वेटर अंगात जाईल, पण श्वास घ्यायची सोय राहणार नाही. शिवाय अर्धं घरी आणि अर्धं गर्दीत विणलेल्या कामावर आडवे पट्टे दिसतात. धुऊन, ओलं असताना ताणून वाळवल्यावर त्यातले थोडे निघतात, सगळे नाही. मापाला चोख बसायला हवं असं काम म्हणूनच बाहेर नेऊ नये. मफलर दोन सेंटिमीटर अरुंद झाला तर कोणाला कळतंय?

सुयांचाही विचार हवा. 35 सेंटिमीटरच्या सरळ सुया शेजाऱ्याच्या बरगडीत जातात आणि मग प्रश्नाऐवजी तक्रार येते. गोल सुईवर, म्हणजे वायरने जोडलेल्या दोन आखूड सुयांवर, सपाट कामही होतं: प्रत्येक ओळीनंतर काम फिरवायचं, बस्स. कामाचा भार वायरवर राहून मांडीवर येतो, कोपर अंगाशी राहतं, आणि एक सुई निसटून तीन बाकांपलीकडे घरंगळत जाण्याचा प्रकार घडत नाही. धातूच्या सुया एकमेकींवर वाजतात. व्याख्यानात किंवा बैठकीत बांबूच्या बऱ्या. पण तिथली खरी अडचण आवाजाची नसते. विणणारा लक्ष देत नाही असं बोलणाऱ्याला वाटतं. आधी विचारून घ्यावं, न बघता जमेल तेवढंच विणावं आणि नजर बोलणाऱ्याकडे ठेवावी. मोहेर लोकर गर्दीत नकोच. तिचे तंतू शेजाऱ्याच्या काळ्या कपड्यांवर जाऊन बसतात.

सगळ्यांत हमखास येणारा प्रश्न "याला किती दिवस लागतात?" आणि त्याच्या पाठोपाठ, "मला एक करून द्याल का?" दोन्हींना एकच उत्तर पुरतं. वरच्याच मापाने, 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके आणि 30 ओळी धरल्या, तर 60 सेंटिमीटर लांबीच्या धडाला 220 गुणिले 180, म्हणजे 39,600 टाके. बाह्या सरासरी 35 सेंटिमीटर घेराच्या आणि 45 लांबीच्या धरल्या तर दोन्ही मिळून आणखी वीस हजारांवर. एकूण साठ हजार. मिनिटाला 25 टाके हा चांगला वेग म्हणायचा. त्या हिशोबाने 40 तास, तेही न उसवता. रोज तासभर प्रवास असेल तर 40 दिवस. हे ऐकल्यावर बहुतेक लोक "मग टोपीच द्या" म्हणतात. अशा वेळी गुंडा आणि सुई पुढे करावी.

"पण हे मशीनवर होतं ना?" असंही कोणी म्हणतं. विणकामाचं होतं, आणि आजकालचं नाही. विल्यम ली याने इंग्लंडमध्ये मोजे विणणारं यंत्र बनवलं ते 1589 साली. क्रोशाची गोष्ट वेगळी. दुकानात क्रोशासारख्या दिसणाऱ्या यंत्रावरच्या लेसचा बराचसा माल असतो, पण खरा खांबांचा क्रोशे अजून हातानेच होतो. तेव्हा स्वस्तातला खऱ्या क्रोशाचा टॉप कोणाच्या तरी हातचाच असतो, फक्त त्या हातांना किती मिळालं हे लेबलवर लिहिलेलं नसतं.

विणणारा पुरुष दिसला की कुजबूज थोडी वाढते. पेरूमध्ये तितिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावर पुरुषच टोप्या विणतात, मुलगे लहानपणीच शिकतात. फ्रान्समधल्या लांद भागात दलदलीत उंच काठ्यांवर उभे राहून मेंढ्या राखणारे मेंढपाळ तिथेच मोजे विणत. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या बायका पाठीवर जळणाची टोपली घेऊन चालता चालता विणायच्या. चारचौघांत विणणं हे मुळात मोकळ्या हातांना मिळालेलं काम होतं, कोणाला दाखवायचं नव्हे. आता त्याचाही दिवस असतो: 2005 पासून जून महिन्यात जगभर लोक ठरवून बाहेर बसून विणतात.

एक प्रश्न मात्र फार थोडे विचारतात: "कितव्या नंबरची सुई?" विचारणारा स्वतः विणणारा आहे हे समजून जावं, आणि उत्तर मिलिमीटरमध्ये द्यावं. जुन्या ब्रिटिश मोजणीत 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, अमेरिकन मोजणीत 8 म्हणजे 5. ब्रिटिश नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, अमेरिकन नंबर वाढतो तशी जाड. नुसता नंबर सांगितला तर त्या बिचाऱ्याचा स्वेटर भलत्याच मापाचा होईल.

आणि कोणी "मला शिकवाल?" म्हटलं, तर दोन सुया देऊ नयेत. दहा मिनिटांत टाके घालण्यापलीकडे काही होत नाही आणि माणूस वैतागतो. क्रोशाची साखळी द्यावी. फिकट रंगाची, जाडसर, गुळगुळीत लोकर हवी. काळ्या लोकरीत नवख्याला फास दिसत नाही. सरकगाठ आपण घालून द्यायची, वेढा घेऊन फासातून ओढायला लावायचं, आणि वीस साखळ्या झाल्या की परत फिरून पहिला मुका खांब. इथे घोडं अडतं, कारण नवख्याच्या साखळ्या इतक्या घट्ट असतात की सुई आत शिरत नाही. लोक "सैल विणा" म्हणतात, पण सांगून हात सैल होत नाही. साखळीपुरती अर्ध्या किंवा एक मिलिमीटरने जाड सुई हातात द्यावी, खांबांना पुन्हा नेहमीची. पिशवीत 4 आणि 5 मिलिमीटरच्या दोन सुया असल्या की भागतं.