पोरं कमी झाली की पैसा कुठे जातो?

शिक्षणावर जीडीपीच्या किती टक्के खर्च, हा आकडा व्हॉट्सॲपवर फिरतो ना, त्याने मला कधीच काही कळलं नाही. दक्षिण कोरिया साडेचार-पाच टक्क्यांच्या आसपास, आपण चार-साडेचार. म्हणजे फार फरक नाही असं वाटतं. पण त्यांचं दरडोई उत्पन्न आपल्या तेरा-चौदा पट आणि शाळेत जाणारी पोरं मूठभर, त्यामुळे एका पोरामागे पडणारी रक्कम बघितली की गप्प बसावं लागतं.

मला जास्त इंटरेस्टिंग वाटलं ते त्यांचं पैसे वाटायचं गणित. तिकडे अंतर्गत करांतून जे जमा होतं त्यातले २०.७९ टक्के कायद्यानेच स्थानिक शिक्षण विभागांना जातात, पोरं किती आहेत ते न विचारता. आता १९९५ च्या सुमारास तिथे वर्षाला ७ लाखांवर बाळं जन्मायची, २०२३ मध्ये २ लाख ३० हजार. पोरं घटली, कर वाढले, म्हणजे मिडल स्कूलच्या (सातवी ते नववी) प्रत्येक पोरामागचा खर्च आपोआप चढत गेला, आणि अर्थखातं कधीचं म्हणतंय की हा टक्का कमी करा. २०२३ पासून त्यातला थोडा पैसा कॉलेजांकडे वळवलाही.

आपल्याकडे बरोब्बर उलटं. माझी मामेबहीण झेडपी शाळेत सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवते. तिच्या तोंडी कायम एकच शब्द, पट, म्हणजे शाळेत नाव घातलेल्या पोरांची संख्या. आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, या वर्गांना ३५ पोरांमागे एक शिक्षक म्हटलंय, ठीक आहे, पण १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक ते ठरवणारा, जीआर आला आणि पट २० च्या खाली गेला तर पदच धोक्यात, म्हणून शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या. ताई मे महिन्यात वाडीवाडीत फिरते, "पोरगं आमच्याच शाळेत घाला हो" म्हणत. शिकवायचं कधी?

बरं, खिचडीचं बघा. सहावी ते आठवीच्या पोराला रोज १५० ग्रॅम तांदूळ सरकारी गोदामातून, आणि डाळ, तेल, भाजी, गॅस सगळं मिळून १० रुपये १७ पैसे, हा मे २०२५ पासूनचा वाढीव दर! सोलमध्ये २०११ ला याच विषयावर, म्हणजे फुकट जेवण सगळ्यांना की फक्त गरिबांना, यावर सार्वमत झालं, मतदान निकालासाठी लागणाऱ्या ३३.३ टक्क्यांपर्यंत पोचलंच नाही, आणि सगळ्यांना द्यायला विरोध करणाऱ्या महापौर ओ से-हुन यांनी राजीनामा दिला. पोरांच्या डब्यावरून महापौर जातो, इथे साधा सरपंच तरी जाईल का?

तिकडे सगळं गोड आहे असंही नाही हं. एवढं सरकारी खर्चूनही आईबाप ट्युशनला पळतातच, २०२४ मध्ये खासगी शिकवण्यांवर २९.२ लाख कोटी वॉन गेले, रुपयांत साधारण पावणेदोन लाख कोटी. आपल्या केंद्राचं समग्र शिक्षाचं, म्हणजे शालेय शिक्षणाच्या मोठ्या योजनेचं, त्या वर्षीचं बजेट ३७,५०० कोटी. मला तर आधी शून्यं मोजण्यात घोळ झाला असं वाटलं.

आणि अजून एक गंमत, त्यांचं मिडल स्कूल नववीपर्यंत, मोफत आणि सक्तीचं. आपलं आरटीई आठवीला संपतं. ताईच्या शाळेतही आठवीच शेवटची, नववीला तालुक्याच्या हायस्कूलला जायचं, एसटीची वेळ जुळली तर, आणि मुलींचं सांगते ती की दरवर्षी एखाददुसरी तिथेच थांबते.